भेटींची वही

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात कात्री सापडत नाही, कारण ती माझ्याकडे असते. मस्कतच्या रुवी भागातल्या किराणा दुकानाने दिलेलं मागच्या वर्षीचं कॅलेंडर मी पप्पांच्या टेबलावर पालथं घालते आणि त्याची जाड पानं कापून कार्डं करते. पांढऱ्या बाजूवर नाव लिहायचं आणि मंडळीचा शिक्का मारायचा. मागच्या बाजूला जुन्या चित्राचा तुकडा राहतो. कुणाच्या कार्डामागे खजुराचा शेंडा येतो, कुणाच्या मागे किल्ल्याचा अर्धा बुरूज, तर कुणाच्या मागे नुसतं निळं आकाश. आमच्या मंडळीत, म्हणजे इथल्या मराठी ख्रिस्ती चर्चमध्ये, एकतीस सभासद आहेत, म्हणून एकतीस कार्डं.

ही पद्धत पप्पांच्या गावाकडची. कोल्हापूरकडे मिशनच्या ज्या गल्लीत ते वाढले, तिथे प्रभुभोजनाआधी चर्चचे वडील घरोघर जायचे. वडील म्हणजे मंडळीने निवडलेले कारभारी. ते बसायचे, विचारपूस करायचे, कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर मिटवायला सांगायचे, प्रार्थना करायचे आणि निघताना माणशी एक कार्ड ठेवून जायचे. उपासनेच्या वेळी ते ताटलीत टाकलं की भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस मिळे. कार्ड नसेल त्याने मागे बसायचं. गावात आता ही पद्धत राहिलेली नाही. मस्कतमध्ये मात्र आम्ही ती धरून आहोत. इथे आम्हाला हॉल मिळतो शुक्रवारी दुपारी एक तास, तमिळ मंडळीचं आटोपल्यावर. पाळक, म्हणजे धर्मगुरू, तीन महिन्यांतून एकदा दुबईहून येतात. भिंती, खुर्च्या, माइक, सगळं दुसऱ्यांचं. आमचं स्वतःचं म्हणावं असं त्या कार्डांपलीकडे फारसं काही नाही.

मी तेव्हा घरात बसून ऑनलाइन एम.ए. करत होते, इतिहासात. प्रबंधाचा विषय ऐकून बिल्डिंगमधल्या आंटी हसायच्या. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमधलं एक मच्छीमार गाव, तिथली प्रेस्बिटेरियन मंडळी आणि तिचं रोजचं जगणं. "मस्कतमध्ये बसून?" त्या विचारायच्या. मी "हो" म्हणायचे आणि लिफ्टचं बटण दाबायचे. जास्त बोलायची मला सवय नाही. आमच्या पणजोबांना अक्षरं शिकवणारं मिशन त्याच पंथाचं होतं, आणि घरोघर जाणारे ते वडील मुळात कुठून आले हे मला बघायचं होतं. पण लिफ्ट येईपर्यंत एवढं सांगून होत नाही.

त्या गावच्या मंडळीच्या सभांच्या वह्या स्कॅन करून इंटरनेटवर ठेवल्या होत्या. मी रोज दुपारी त्यातली पानं लावायला, म्हणजे अक्षर ओळखत वाचायला, बसायचे. अक्षर इतकं गिचमिड की पहिल्या महिन्यात एका ओळीला अर्धा तास जायचा. एका दुपारी कळलं की तिथले वडीलही प्रभुभोजनाआधी घरोघर जायचे आणि योग्य वाटलेल्या माणसाला शिशाची एक छोटी टिकली द्यायचे. टिकली असेल तोच मेजाशी बसणार. मी लॅपटॉप उचलून तसाच स्वयंपाकघरात नेला. मम्मी भेंडी चिरत होती.

"शिशाची? अगं, विषारी असतं ना ते," एवढंच ती म्हणाली.

पप्पांनी मात्र चष्मा काढला, पुसून परत लावला आणि स्क्रीनवरच्या त्या करड्या टिकलीकडे बघत राहिले. "म्हणजे आपलं बरोबर चाललंय," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या प्रबंधाबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही.

त्या वह्यांत काय नव्हतं! कुणी उपासनेच्या दिवशी पाणी भरलं, कुणी शेजारणीला शिवी दिली, कुणाच्या घरातून सकाळी परका माणूस निघताना दिसला. वाचून राग यायचा. पण तीच माणसं आंधळ्या म्हातारीकडे पीठ पोचवायची, वादळात नवरा गेलेल्या बाईच्या मुलांना घर शोधून द्यायची, त्यामुळे धड रागावताही येत नसे. एका बाईपाशी मी अडकले होते. तिने उपासनेच्या दिवशी जाळी वाळत घातली म्हणून तिला टिकली नाकारली होती. ती सभेपुढे आली, बोलली, आणि लेखनिकाने लिहिलं की तिचं उत्तर ऐकलं, समाधान झालं नाही. पुढे दुसराच विषय. जाळी कुठल्या भिंतीवर होती, किती होती, कुणी पाहिली, हे सगळं त्याने लिहिलं होतं. बाई काय म्हणाली ते नाही. मी त्या मेलेल्या माणसावर इतकी चिडले की मम्मीने विचारलं, कुणाशी भांडण झालंय का.

त्याच महिन्यात पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे लिहिणं-वाचणं बंद केलं. भेटींची वही, म्हणजे कुठल्या घरी गेलो, कोण भेटलं, कुणासाठी प्रार्थना केली याची नोंद, पप्पा इथल्या वडिलांपैकी एक म्हणून वर्षानुवर्षं स्वतः ठेवत आले होते. त्यांची नोंद एका ओळीची असे. "सर्व क्षेम. प्रार्थना केली." या वेळी ते म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. तू लिही."

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मी मनात ठरवलं की मी त्या लेखनिकासारखं लिहिणार नाही. मी बारकावे लिहीन. शंभर वर्षांनी कुणी मुलगी ही वही उघडेल तेव्हा तिला मस्कतच्या हमरिया भागातलं घर डोळ्यांपुढे दिसलं पाहिजे.

सोमवारी संध्याकाळी आम्ही हमरियात मावशीकडे गेलो. ती माझी सख्खी मावशी नाही. मंडळीतली सगळीच मुलं तिला मावशी म्हणतात. मिरजेकडची, पन्नाशीची, एका क्लिनिकमध्ये सफाईचं काम करते. तिचा नवरा इथून लांब इब्री गावात गॅरेजमध्ये होता, तो आठ वर्षांपूर्वी तिथेच वारला. तेव्हापासून ती एका जुन्या फ्लॅटच्या एका खोलीत राहते. दुसऱ्या खोलीत एक मल्याळी जोडपं असतं, हॉल सगळ्यांचा. प्रभुभोजनाची भाकर दर वेळी तीच करते, बिनखमिराची, गव्हाची, तव्यावर मंद भाजलेली. ती पांढऱ्या कापडात बांधून आणते, आणि हॉलभर तिचा वास पसरला की लहान मुलं चुळबुळ करायला लागतात.

दार उघडून तिने पप्पांच्या काळ्या गॉगलकडे पाहिलं. "आयाय्या! भाऊ, पिच्चरमध्ये काम लागलं की काय? या या, हिरो, आत या."

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय," पप्पा म्हणाले.

"माहीत आहे हो. थट्टा केली. बसा. आणि ही बघा, हिच्या तोंडातून शब्द काढायला पण ऑपरेशनच करायला लागतंय."

मी हसले आणि वही मांडीवर घेतली. चहा झाला, पप्पांनी प्रार्थना केली. मावशीला कार्ड मिळालं नाही, कारण त्या वेळी कार्डं तयारच नव्हती. डोळ्याच्या गडबडीत कापायचं राहिलं होतं. "गुरुवारी हिच्या हाती पाठवतो," पप्पा म्हणाले. मी इकडेतिकडे बघत होते. दाराशी पुरुषाच्या चपला होत्या, मोठ्या, टाच झिजलेल्या. बाल्कनीच्या दोरीवर निळ्या चौकटीची लुंगी आणि दोन बनियन. खिडकीत औषधांच्या पट्ट्या.

निघताना पप्पा कठड्याला धरून सावकाश जिना उतरू लागले. मावशीने मला दारातच थांबवलं आणि भराभर बोलली. तिच्या मिरजेच्या बोलीत, एका श्वासात. इब्रीहून तिच्या नवऱ्याचा दोस्त आलाय, पोटाचं ऑपरेशन झालंय, कंपनीच्या खोलीत वरचा बंक मिळालाय, तिथे चढायला येईना, म्हणून इथे हॉलमध्ये गादी घालून दिलीय, टाके निघाले की जाईल. "त्याच्यासाठी पण प्रार्थनेत नाव घ्या म्हणावं. पप्पांना सांग, आं?" मी "हो" म्हणाले. खालून पप्पांनी हाक मारली. मी धावत उतरले.

घरी येऊन मी वही लिहायला बसले. चपला, लुंगी, बनियन, औषधं. हे शब्द मला येत होते. एकेक वस्तू नीट मांडत गेले, छान पान झालं. मावशी दारात बोलली ते मात्र राहिलं. विसरले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी लिहायला घेतलं होतं. पण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलायचं मराठी अर्धं इंग्रजी. मावशीचं ते भराभर वाहणारं बोलणं कागदावर कसं उतरवायचं ते कळेना. दोन वाक्यं लिहिली, ती इंग्रजीची भाषांतरं वाटली. पप्पा नंतर वाचतील आणि वडीलमंडळीही वाचतील, हसतील, म्हणून मी ती ओळ सोडली. तोंडी सांगू असं ठरवलं, आणि मग पप्पांच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली.

मंगळवारी संध्याकाळी वडीलमंडळींची सभा आमच्या घरी झाली. पप्पा धरून तिघंच. सगळ्यांत ज्येष्ठ ते एल्डर अंकल, एसीच्या कामाच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. तिसरे लॅबमध्ये काम करणारे, अजून चाळिशीही नसलेले. पप्पांना वाचायला मनाई, म्हणून एल्डर अंकलनी वही मोठ्याने वाचायला घेतली. मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत होते.

"अरे वा, काय अक्षर आहे," ते म्हणाले. मग वाचता वाचता थांबले. "दाराशी पुरुषाच्या चपला. दोरीवर लुंगी." त्यांनी पप्पांकडे पाहिलं. "लुंगी?"

"त्या मल्याळी माणसाची असेल," लॅबवाले अंकल म्हणाले. "लुंगी म्हटल्यावर दुसरं कोण?"

"त्याची असती तर पोरीने लिहिली असती का? तिने मुद्दाम लिहिलंय ना. बघून आलेली मुलगी आहे." ते पप्पांकडे वळले. "तुम्ही पाहिलं?"

"मला या डोळ्यांनी काय दिसणार?" पप्पा म्हणाले.

"मला पण कुणीतरी बोललं होतं, तिच्याकडे एक माणूस दिसतो म्हणून. मी लक्ष दिलं नव्हतं. आता हे लेखीच आलं."

मला तिथे एवढंच म्हणायचं होतं, "अंकल, तो आजारी आहे." चार शब्द. मी ट्रे ठेवला आणि आत गेले. दाराआड उभी राहून ऐकलं. एल्डर अंकलचा आवाज चढलेला नव्हता, उलट ते दुःखी वाटत होते. परक्या देशात मंडळीचं नाव एकदा खराब झालं की हा तासाभराचा हॉलसुद्धा जाईल, असं ते म्हणत होते. मावशीशी बोलणं होईपर्यंत कार्ड थांबवायचं. पण या आठवड्यात त्या दोघांची ड्यूटी, पप्पांचा हा डोळा, उरलेल्या संध्याकाळी बाकीच्या घरी जाऊन कार्डं द्यायची, पाळक गुरुवारी येणार, म्हणजे बोलणं उपासनेनंतरच. पप्पा शेवटी म्हणाले, "ठीक आहे."

ते गेल्यावर पप्पांनी मला हाक मारली. "तीसच कार्डं काप."

मी एकतीस कापली. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. दर वेळी एकतीस कापायची सवय, हात चालू राहिला. एकतिसाव्यावर नाव न लिहिता ते वहीत सरकवलं.

बुधवारी दुपारी मी एकटी हमरियात गेले. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता, दुकानांची शटर्स अर्धी खाली होती. जिन्यात मी दोनदा थांबले. दार त्या माणसानेच उघडलं. वाळलेला, दाढी वाढलेली, एक हात पोटावर. "वहिनी, कोण आलंय गो बघा," त्याने आत हाक दिली, आणि मला म्हणाला, "ये बाय, बस. मला उभा राहायला होत नाही जास्त." हॉलच्या कोपऱ्यात गादी होती, तिच्यावर तो कण्हत टेकला. कोकणातला, रत्नागिरीकडचा. वहिनी या हाकेतच सगळं आलं होतं. सोमवारी आम्ही दारालगतच्या मावशीच्या खोलीत बसलो होतो; मी हॉलमध्ये डोकावले असते तर ही गादी मलाही दिसली असती.

मावशी हात पुसत आली. मी बोलायला सुरुवात केली आणि इंग्रजीत शिरले. "हळू, बाळ, मराठीत," ती म्हणाली. मी मराठीत सांगितलं. चपला, लुंगी, सभा, कार्ड.

ती आधी हसली. त्या माणसाकडे वळून म्हणाली, "ऐकलं का भावजी, तुमच्या लुंगीवर सभा भरली." तो हसला नाही. त्याने मान खाली घातली. मग तिचंही हसू गेलं.

"तू लिहिलंस?"

"हो."

"आणि मी दारात सांगितलं ते?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"ह्यांचा जीव गेला तेव्हा," ती म्हणाली, "कागदपत्रं होईपर्यंत चार दिवस हा माणूस इब्रीच्या हॉस्पिटलात शवागाराच्या बाहेर बसून होता. मी इकडे मस्कतात, मला कोण नेणार? मला फोन करून सांगायचा, वहिनी, मी इथंच आहे, एकटं नाही ठेवलं त्याला. त्याला मी बंकवर चढायला लावू?"

"मी उद्याच जातो वहिनी," तो म्हणाला. "माझ्यापायी नको."

"गप झोपा. टाके काढायचे आहेत शनिवारी." मग ती माझ्याकडे वळली. "मी जाऊन कुणाला सांगणार नाही. मी तुला सांगितलं होतं. सांगायचं काम तुझं राहिलंय."

"मावशी, तुम्ही शुक्रवारी याल ना?"

"न यायला काय झालं? भाकर कोण करणार, तुमची वडीलमंडळी?"

गुरुवारी सकाळी मी पप्पांना सांगितलं. ते पलंगावर बसले होते, गॉगल हातात. ऐकून त्यांनी डोळे मिटले. "माझंही चुकलं," ते म्हणाले. "मी विचारायला हवं होतं, तिला वा तुला." मला वाटलं ते आता फोन लावतील आणि सगळं मिटेल. तसं झालं नाही. "वहीत वाचलं गेलंय," ते म्हणाले. "आता हेही वहीतूनच वाचलं गेलं पाहिजे. तूच वाच."

"मला नाही जमणार, पप्पा. ते पान फाडू या का?"

"फाडायचं नाही. खाली लिही."

मी दिवसभर लिहिलं. आठ-दहा ओळी, पण त्यांना दिवस लागला. मावशी जशी बोलली तशीच लिहायची ठरवल्यावर आधी अवघड गेलं, मग सोपं झालं. मम्मीला विचारत होते, "मम्मी, 'चढायला येईना' असंच लिहायचं?" ती म्हणत होती, "ती तशी बोलली ना? मग तसंच." लिहिताना मला तो स्कॉटलंडचा लेखनिक सारखा आठवत होता. त्या बायका गावच्या बोलीत बोलत असणार आणि त्याला सभेच्या भाषेत लिहायचं होतं. कदाचित त्यालाही जमलं नसेल. त्याच्यावरचा माझा राग पूर्ण गेला नाही, थोडा कमी झाला.

शुक्रवारी तमिळ मंडळीचं शेवटचं गाणं लांबलं होतं. हॉलमागे एक छोटी खोली आहे, पाण्याच्या बाटल्या आणि जुने माइक ठेवायची. तिथे तिघे वडील उभे होते. पप्पा म्हणाले, "हिला काही वाचायचंय." मी वही उघडली. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, बाहेर ढोलक वाजत होतं. "मोठ्याने," एल्डर अंकल म्हणाले. मी परत सुरुवातीपासून वाचलं. अडखळले, एक ओळ दोनदा वाचली. शेवटी हेही वाचलं की सोमवारी हे सगळं मावशीने मला सांगितलं होतं आणि मी ते लिहिलं नाही.

लॅबवाले अंकल खिडकीकडे बघू लागले.

"बाळ," एल्डर अंकल म्हणाले, "मग तेव्हा का नाही लिहिलंस?"

"मला लिहिता येत नव्हतं."

"मंगळवारी आम्ही बोलत होतो तेव्हा तू तिथेच होतीस ना? चहा घेऊन?"

"हो."

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. "मी तिकडे पूर्वेला इब्रा गावात होतो नवीन असताना," ते म्हणाले. "कावीळ झाली होती. एका मुसलमान भावाने, रायगडकडचा होता, महिनाभर त्याच्या दुकानामागे झोपवलं मला. तेव्हा कुणी माझ्या चपला मोजल्या असत्या तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "कार्ड आहे का?"

मी वहीतून कोरं कार्ड काढलं. त्यांनी ते माइकच्या खोक्यावर ठेवून मावशीचं नाव स्वतः लिहिलं. शिक्का घरी राहिला होता. लॅबवाले अंकल म्हणाले, "चालेल हो, सही करा." तिघांनी सह्या केल्या. पप्पांची सही गॉगलमुळे तिरकी आली.

आम्ही हॉलमध्ये आलो तेव्हा मावशी आलेली होती. पांढऱ्या कापडातली भाकर तिने पाळकांच्या मेजावर ठेवली होती आणि ती सगळ्यांत मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. एल्डर अंकल स्वतः मागे गेले. मी त्यांच्यामागे.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "आमची चूक झाली. हे घ्या."

मावशीने कार्डाकडे पाहिलं, हातात घेतलं नाही. "बाकीच्यांना कुठं दिलंत?"

"म्हणजे?"

"घरी जाऊन दिलंत की नाही? बसून, विचारून, प्रार्थना करून. मला इथं खुर्चीत हातात द्यायलाय व्हय?"

"आता वेळ नाही ताई, उपासना सुरू होतेय. पाळक परत तीन महिन्यांनी—"

"तीन महिन्यांनी घेईन की. मी कुठं पळून चाललीय?" ती शांतपणे म्हणाली. "घरी या. जिना आहे, सावकाश चढा."

एल्डर अंकल कार्ड घेऊन परत पुढे गेले. त्या दिवशी तीस कार्डं ताटलीत पडली. पाळकांनी भाकर मोडली, तुकडे फिरले. माझ्या हातात तुकडा आला तेव्हा मी मागे पाहिलं. ती पदर नीट करून सरळ बसली होती, आणि लहान मुलं तिच्या खुर्चीशी जाऊन वास घेत होती, कारण तिच्या हातांना अजून तो वास होता. मी माझा तुकडा खाल्ला. न खाता ठेवून द्यावा असं क्षणभर वाटलं होतं, पण त्याने तिला काय मिळालं असतं ते मला सांगता आलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं हमरियात गेलो. लॅबवाले अंकल ड्यूटी बदलून आले होते. जिन्यात सगळे धापा टाकत होते. दाराशी त्या झिजलेल्या टाचांच्या चपला होत्या. एल्डर अंकलनी त्यांच्याकडे पाहिलं, आपले पॉलिश केलेले बूट काढले आणि शेजारी लावले.

तो माणूस गादीवर बसला होता, टाके निघाले होते. एल्डर अंकलनी त्याला विचारलं, "आता जेवण जातं का?"

"जातंय थोडं थोडं. वहिनी पेज देतात," तो म्हणाला.

मल्याळी शेजारीण बाहेर आली आणि कुणी न विचारताच हिंदीत म्हणाली, हमारा अंकल है ये, बहुत अच्छा आदमी. मावशीने सगळ्यांना चहा दिला. पप्पांनी प्रार्थना केली, त्यात मावशीचं नाव घेतलं आणि त्या माणसाचंही, नाव त्याला विचारून. त्याने डोळे मिटून हात जोडले. मग एल्डर अंकलनी कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. मावशीने ते घेतलं, उलटं करून मागचं चित्र बघितलं, समुद्राचा एक तुकडा आणि बोटीचं टोक, आणि उठून स्वयंपाकघरातल्या देवळीत, मसाल्याच्या डब्यामागे ठेवून आली.

"लिहितेस ना?" तिने मला विचारलं.

मी वही उघडली. या वेळी मी बघत बसले नाही. "मावशी, तुम्ही सांगा. हळू सांगा."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मध्ये एल्डर अंकल काही सुचवायला लागले तर ती म्हणाली, "तुम्ही चहा प्या." संपल्यावर तिने हात पुढे केला. मग स्वतःच मागे घेतला. तिला वाचायला चष्मा लागतो, आणि तो क्लिनिकमध्ये राहिला होता.

"वाचून दाखव."

मी वाचलं. एका जागी तिने थांबवलं.

"'राहतोय' लिहिलंस का? 'राहतोय' नको. 'बरा होईपर्यंत हॉलमध्ये झोपतो' असं लिही."

मी खोडलं नाही. वर बाण काढून तिचे शब्द लिहिले आणि ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली.

"हां," मावशी म्हणाली. "आता बरोबर."